बर्फाचा गोळा आणि हिवाळी ऑलिंपिक

पन्हाळ्याचे मास्तर
काल हिशोबनीसांनी इथं लिहिलं : "ज्या देशात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो, त्यांनी हिवाळी ऑलिंपिकला पथक पाठवणं म्हणजे लोकांच्या पैशानं सहल." खाली हसणाऱ्यांची रांग. आधी मीही हसलो. मग रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण लावतोय.

१९९८, नागानो. केनियाचा फिलिप बोइट. मुळात धावपटू, दोन वर्षांपूर्वीपर्यंत बर्फ पाहिलेला नाही. दहा किलोमीटरच्या स्की-शर्यतीत ९२ जण पोचले, हा ९२वा. सोनं जिंकलेला नॉर्वेचा ब्योर्न डेली त्याच्यासाठी वीसेक मिनिटं शेवटच्या रेषेवर थांबला आणि आल्यावर त्याला मिठी मारली. बोइटनं पुढं मुलाचं नाव डेली ठेवलं. सहलीला गेलेला माणूस असं करतो?

जमैकाची बॉबस्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, १९८८ ला कॅल्गरीत उलटली, जग हसलं. १९९४ ला लिलहॅमरला तेच चौदावे आले. मधल्या सहा वर्षांची आठवण कुणाला आहे?

आणि हिशोबनीस, तुम्ही कोल्हापूरचे. पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले. मातीतला गडी, मॅटची ओळख तिथं झाली. तेव्हा तुम्ही असता तर 'महाराजांचे पैसे पाण्यात' म्हणून मोकळे झाला असता. चार वर्षांनी हेलसिंकीचं कांस्य. त्या वेळी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, ते तुमच्या वहीत कुठल्या खात्यावर टाकायचे?

हिशोबनीस
मास्तर, आपल्याबद्दल आदर आहे, पण कोल्हापुरात वाद हरायला लागला की माणूस खाशाबांना पुढं करतो. खाशाबा आपल्या मातीतले सर्वात चांगले पैलवान होते. हौस म्हणून गेले नव्हते.

तुमच्या बोइटला बर्फावर नेलं कुणी? नायकीनं. बुटाची जाहिरात होती ती, मिठीसकट. आणि २०१८ ची एलिझाबेथ स्वेनी सोयीस्कर विसरलात. बाई अमेरिकेची, खेळली हंगेरीकडून. हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीत, सगळे स्कीवर हवेत गिरक्या घेतात, ही नुसती वरखाली घसरून आली. पात्र कशी झाली? पहिल्या तीसात यायला लागायचं, तर तीसही बायका उतरत नाहीत अशा स्पर्धा गाठून. ब्रिटनचा एडी एडवर्ड्स १९८८ ला स्की-जंपिंगमध्ये शेवटचा आला, त्यानंतर पात्रतेचे नियम कडक झाले ते उगाच?

लहान देशाला माझा विरोधच नाही. लिश्टेनस्टाईन बघा. वस्ती चाळीस हजाराच्या आसपास, हिवाळी पदकं १०, सगळी स्कीइंगची. हान्नी वेंझेलनं एकटीनं १९८० ला दोन सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. जमतंय ते खेळा.

पेठेतला गडी
हिशोबनीस, ती वेंझेलबाई जन्मानं जर्मन हाय. वर्षाची असताना आईबापाबरोबर तिकडं आली, नागरिकत्व त्यानंतर लै वर्षांनी. तुमचा दाखला बी उसनाच की!

कृष्णाकाठ
वा. म्हणजे जन्म मोजायचा ना? मग लगे हाथ हेही लिहा : खाशाबा जाधव गोळेश्वरचे. तालुका कराड, जिल्हा सातारा. दर वेळी "आमचे खाशाबा" लिहिताना कोल्हापूरकरांची बोटं कशी अडखळत नाहीत?

पेठेतला गडी
आलं का हे. भावा, जन्म गोळेश्वरचा, कोण नाही म्हणतंय? पण राजाराम कॉलेज काय कराडला हाय? लंडनच्या वारीला महाराजांनी पैसे दिले का तुमच्या बाजार समितीनं? जन्मगाव एक असतं, घडवणारं गाव येगळं.

कृष्णाकाठ
आत्ताच वेंझेलला उसनी म्हणालात. तिला घडवलं लिश्टेनस्टाईननं, तरी ती जर्मन. खाशाबांना घडवलं कोल्हापूरनं, म्हणून ते कोल्हापूरचे. तराजू एकच ठेवा की.

पेठेतला गडी
हेलसिंकीहून आल्यावर शंभर बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली म्हणजे पैलवान तुमचा झाला व्हय? खुराकाचं काय?

कृष्णाकाठ
खुराकाचं बोलूच नका. १९८४ ला अपघातात माणूस गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला २००१ ला. मधली सतरा वर्षं तुमचं कुस्तीचं माहेरघर काय करत होतं? खासबागेत फेटे बांधत होतं?

पेठेतला गडी
खासबागेवर जायचं काम नाही. परत सांगतो, जायचं काम नाही!

स्केटची आई
तुमचं आटोपलं असेल तर बोलू का?

माझी मुलगी सात वर्षं रोलर स्केटिंग करत होती. कुठं, तर एका कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, पहाटे साडेपाचला, गाड्या यायच्या आत. चौथीत असताना क्लासच्या सरांनी "आंतरराष्ट्रीय" स्पर्धेला नेलं. प्रत्येकी अठरा हजार, शिवाय जर्सीचे वेगळे. तिच्या गटात चार मुली, त्यातल्या तीन आमच्याच क्लासच्या. ही दुसरी आली. चौकात फ्लेक्स लागला, मामानं पेढे वाटले. रात्री जेवताना विचारते, "आई, बाहेरच्या देशातल्या मुली कुठं होत्या गं?" मला घास गिळेना.

म्हणून त्या स्वेनीबाईबद्दल हिशोबनीसांचं पटतं. रिकाम्या मैदानात नंबर काढणं म्हणजे काय ते मी पैसे मोजून पाहिलंय.

पण मास्तर, तुम्ही केनियापर्यंत गेलात आणि शिवा केशवनला विसरलात. हिमाचलच्या डांबरी रस्त्यावर ल्यूजला, म्हणजे उताणं झोपून चालवायच्या बर्फावरच्या घसरगाडीला, चाकं लावून सराव करायचा. १९९८ ला, सोळाव्या वर्षी, नागानोला गेला, तिथून २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक. २०१४ ला सोचीत आपली ऑलिंपिक संघटना निलंबित, म्हणून उद्घाटनाला तिरंगाही मिळाला नाही, ऑलिंपिकच्या झेंड्यामागं चालावं लागलं. पदक? एकही नाही. त्याचा रस्त्यावरचा व्हिडिओ बघून माझी मुलगी म्हणाली, "हा पण पार्किंगवालाच की!" पुढं दोन वर्षं ती त्याच्यामुळं टिकली.

पेठेतला गडी
ताई, त्या पदकाचे धाव्वीला मार्क मिळाले का?

स्केटची आई
संघटनेला मान्यताच नव्हती. हे दहावीलाच कळलं.

पन्हाळ्याचे मास्तर
केशवन राहिला, चूक माझी. आणि हिशोबनीस, दुसऱ्यांच्या बर्फाचं राहू द्या. २०२२ ला बीजिंगला अख्ख्या भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गचा आरिफ खान. जायंट स्लालम या स्की-शर्यतीत ४५वा. घरात हिमालय असून ही गत. आपल्याला गोळ्याच्या गाडीवरून कुणाला हसायचा हक्क आहे?

हिशोबनीस
बरं बाबा, केशवन आणि आरिफ सहलीला गेले नव्हते. लिहून घ्या, शिक्का मारून देतो. तुमच्या बोइटला अर्धा शिक्का, बूट फुकट मिळाले म्हणून. स्वेनीबाईला नाही म्हणजे नाही. आणि ताई, ते अठरा हजार सोडू नका. पावती असेल तर सरांकडं मागा, मी बरोबर येतो.

स्केटची आई
पावती दिलीच नव्हती, दादा. फ्लेक्सचा फोटो तेवढा आहे.

कृष्णाकाठ
वर कुणीतरी शंभर बैलगाड्या लिहिलंय. १५१ होत्या.