‘पेप्टाइड’, ‘मांसपेशी’, ‘खंगणे’ : नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न (औसा, जि. लातूर)

आमच्याकडं जिममधली पोरं ‘पेप्टाइड चालू केलंय’ असं सर्रास म्हणायलीत. वडिलांना शुगर आणि वजनासाठी डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन दिलंय, तेही पेप्टाइडच म्हणे. बहिणीच्या कोलॅजनच्या डब्यावरही तोच शब्द. हे सगळं एकच का? याला मराठी शब्द आहे का? आणि ‘मसल लॉस’ला काय म्हणावं? हिंदी व्हिडिओत ‘मांसपेशी’ ऐकतो, पण शाळेत तर पेशी वेगळीच शिकलो.

परभणीहून

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. साखळी लांबली की तिला प्रथिन म्हणतात. ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन या दोहोंच्या सीमेवर बसतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १९०२ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक ‘पेप्टोस’, म्हणजे पचलेलं. जठरातल्या ‘पेप्सिन’चं मूळही तेच. आणि आपला ‘पच्’ धातू याच कुळातला, त्यामुळे पचन, पाक, पक्व, पिकणे ही पेप्टाइडची भावकीच झाली. म्हणून मला वेगळा मराठी शब्द घडवायची गरज वाटत नाही. पाठ्यपुस्तकांतही ‘पेप्टाइड बंध’ असंच असतं.

अडचण वेगळी आहे. नुसतं ‘पेप्टाइड घेतोय’ म्हटल्यानं काहीच कळत नाही. वडिलांचं औषध बहुधा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड असेल. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते दोन-तीन मिनिटांत मोडतं. ही औषधं त्याच्या धर्तीवर, पण आठवडाभर टिकतील अशी बनवली आहेत. पोट सावकाश रिकामं होतं, भूक मंदावते. पेप्टाइड पोटात पचून जातं, म्हणून इंजेक्शन. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली आहे, पण तिच्यात शोषणासाठी वेगळा घटक घालावा लागतो आणि ती रिकाम्या पोटी घोटभर पाण्याबरोबरच घ्यायची असते.

कोलॅजन हे अन्न. ते पचून त्याची अमिनो आम्लं होतात, त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं, म्हणून स्नायूंसाठी ते डाळ-दुधाची जागा घेऊ शकत नाही. जिममधली पोरं जर बीपीसी-१५७ सारख्या पेप्टाइडच्या कुप्या टोचून घेत असतील तर मात्र त्यांना हात जोडून थांबवा. त्याला माणसांसाठी औषध म्हणून मान्यता नाही, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०२२ पासून ते बंदीच्या यादीत घातलं आहे. या तिन्ही गोष्टींना एकच नाव पडल्यामुळे डॉक्टरांच्या औषधाची पत त्या कुप्यांनाही मिळते. म्हणून ‘पेप्टाइड’ म्हटलं की ‘कोणतं?’ हे विचारलंच पाहिजे.

अंबाजोगाईहून

‘मांसपेशी’बद्दल. सुश्रुताच्या आयुर्वेदग्रंथातल्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, पेशी म्हणजे मसलच, त्यानं ५०० पेशी मोजल्या आहेत. ‘स्नायू’ ९०० आहेत, पण त्याचा स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर. हिंदीनं जुनी पेशी ठेवली आणि सेलला ‘कोशिका’ केलं. मराठीनं सेलला पेशी केलं, मसलला स्नायू. त्यामुळे मराठीत ‘मांसपेशी वाढवा’ लिहिलं की वाचणारा गोंधळणार. मराठीत ‘स्नायू’च लिहावं.

‘मसल लॉस’साठी ‘स्नायुक्षय’ चालतो. पण सुश्रुताचाच ‘मांसक्षय’ मला जास्त आवडतो. गाल, मांड्या, पोटऱ्या, मान वाळत जाणं ही लक्षणं त्यानं नावानिशी दिली आहेत. वयापरत्वे होणाऱ्या या झिजेला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ नाव दिलं, त्याचाही अर्थ मांसाची उणीव असाच.

नांदेडहून

ताई, बोलीत तर हे केव्हाचं आहे. कौतुकानं अंगावर मूठभर मांस चढतं, मग दुखण्यानं ते झडतं. आमच्याकडं कुणी बारीक झालं की म्हातारी माणसं दोन वेगळी वाक्यं बोलतात. ‘अंग हलकं झालं गं’ म्हणजे बरं झालं. ‘लई वाळलास की रे’ म्हणजे काळजी. त्याहून पुढचं ‘खंगणं’. वजनकाट्यावर दोन्ही सारखंच दिसतं. ‘वेट लॉस’ या शब्दात हा फरक बुडून जातो.

परभणीहून

हे फार मोलाचं सांगितलंत. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. या औषधांनी उतरलेल्या वजनात साधारण २५ ते ४० टक्के भाग चरबीबाहेरचा असल्याचं दिसलं आहे. त्यात पाणीही येतं, सगळा स्नायू नव्हे, पण साठीच्या माणसासाठी ही गोष्ट छोटी नाही.

प्रश्नकर्ता (औसा)

वडील म्हणतात, ‘भूकच मेली.’ अर्धी भाकरी अन् वाटीभर वरण, बस. मग पथ्य काय सांगावं?

परभणीहून

दादा, इथं ‘पथ्य’ शब्द सोडा, ‘खुराक’ घ्या. पथ्य म्हटलं की घरात काय बंद करायचं याचीच यादी होते. रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा तुमचा, तिथं खुराक समजावून सांगायला नको. तालमीत जोर-बैठकांशिवाय खुराक नसतो, आणि इथंही नेमकं तेच लागतं.

हिशोब बघा. अर्ध्या भाकरीत तीनेक ग्रॅम प्रथिन, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८. वजन उतरत असताना तज्ज्ञ साधारण १.२ च्या पुढे जायला सांगतात, ते ८४ झाले. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरच ठरवतील. भूक थोडी आहे, म्हणून आधी वरण, अंडं, दही, मग भाकरी. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते तुरीत भरपूर, त्यामुळे वरण-भाकरीची जोडी मोडू नका. शेंगदाण्याची चटणी आणि सोयाबीन लातूरला आणायला कुठं जायचंय?

आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला लावा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर डॉक्टरांना नक्की सांगा.

प्रश्नकर्ता (औसा)

ते ‘पायात गोळे येतात’ असंही म्हणतात. ते यातच धरायचं का?

नांदेडहून

नाही. गोळे येणं म्हणजे पोटरी आखडून कळ येणं. खाणं-पाणी कमी पडल्यानंही होतं, ते डॉक्टरांना वेगळं सांगा. मांस झडल्यावर माणूस ‘पाय लटपटतात’, ‘गुडघ्यावर हात दिल्याशिवाय उठवत नाही’ असं म्हणतो. वडील यातलं काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून न्या.