मदत हवी आहे : कॅरव्हॅनमधला हीटर घरी चालतो, शेतातल्या आखाड्यावर बंद पडतो

नमस्कार मंडळी,

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची करून घेतलेली कॅरव्हॅन आहे. आत दोन बर्थ, छोटा फ्रिज, १५०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि भिंतीला लावलेला कॉन्व्हेक्टर हीटर, १००० आणि २००० वॅट अशा दोन टप्प्यांचा. एरवी गाडी औंढा, परळी, माहूर अशी फिरते. हुरड्याच्या दिवसांत मात्र परभणीजवळ आमच्या आखाड्यावर उभी असते, कारण पाहुणे येतात आणि पत्र्याच्या खोलीत झोपायला कुणी तयार नसतं. इकडची थंडी माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. पारा एक आकडी झाला की गाडीचा पत्रा आतून घामेजतो, गोधडीसुद्धा ओलसर लागते.

घरी अंगणात हीटर दोन्ही टप्प्यांवर रात्रभर चालतो. आखाड्यावर १००० वर चालतो, पण ऊब नावालाच. २००० वर टाकला की लगेच इन्व्हर्टरमधून 'टक्' आवाज येतो, पीं-पीं करत ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि सगळं बंद. थोड्या वेळाने आपोआप सुरू, परत टक्, परत बंद. एमसीबी (जादा लोडला पडणारा स्विच) पडत नाही, ईएलसीबीही (वीज गळली की लाइन तोडणारा) नाही. आखाड्यावरचा बल्ब तेव्हा चालूच असतो.

गाडीतल्या सॉकेटला मीटर लावला तर हीटर बंद असताना २०५ व्होल्ट, १००० वर १८७. २००० वर आकडा नीट वाचेपर्यंत बंद पडतो. घरी २२८ असतात. रात्री हरभऱ्याला मोटारी सुरू झाल्या की आखाड्यावर अजून खाली जातं. वीजमीटरपासून गाडीपर्यंत साधारण ६० मीटर वायर आहे, तांब्याची, १.५ स्क्वेअर एमएम, मध्ये जोड आहेत.

एक इलेक्ट्रिशियन म्हणतो कॉइल गेली, दुसरा म्हणतो इन्व्हर्टर बदला. दोघांचंही पटत नाही, हेच सामान घरी बिनबोभाट चालतं. दोष गाडीत की लाइनीत, हे कसं ओळखायचं? आणि कृपा करून कोळशाची शेगडी सुचवू नका. बंद गाडीत तिचा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो.

प्रतिसाद

भाऊ, कॉइल ठीक आहे, इन्व्हर्टरही ठीक आहे. हीटर इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडलाय ना? मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असेल, बहुतेक यूपीएसवर आहे. त्या मोडमध्ये घरगुती इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली लाइन गेली की लोड बॅटरीवर घेतो. १८७ ला निभावतं. २००० वर तुमच्याकडे १७२ च्या आसपास येत असणार, तिथे नाही निभावत. बॅटरीवर गेल्यावर हीटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं, तो पूर्ण २००० वॅट ओढतो आणि १५०० व्हीएला ते झेपत नाही. लोड सुटला की लाइन पुन्हा २०५, म्हणून पुन्हा सुरू.

नुसतं बटण नॉर्मलवर केलंत तर लोड इतक्या लवकर बॅटरीवर जाणार नाही, बंद पडणं थांबेल, पण गाडीत ऊब येणार नाही. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने घटते. २३० ला २००० वॅट देणारा हीटर १७२ ला ११२० च देतो. तुमचा १००० चा टप्पा १८७ ला ६६० वर आलाय, म्हणून ऊब नावालाच.

हीटर इन्व्हर्टरवरून काढून स्वतंत्र एमसीबी आणि १६ अँपियरच्या सॉकेटवर घ्या, ईएलसीबी मात्र वाटेत राहू द्या. मग २००० लावून दोन जागी व्होल्टेज मोजा, वीजमीटरपाशी आणि गाडीत. तुमच्या वायरीत ९-१० व्होल्ट पडणं रास्त आहे. त्याहून जास्त पडत असतील तर जोड बघा. वीजमीटरपाशीच कमी असेल तर डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणारी लाइन, त्यासाठी वीज कंपनीकडे लेखी अर्ज.

धागाकर्ता

दादा, बटण यूपीएसवरच होतं. वायरमन बोलावून हीटर वेगळा करून घेतला, आता २००० वर बंद पडत नाही. वीजमीटरपाशी १९४, गाडीत १७२. मेन बंद करून जोडांची टेप सोडली, तर एका जोडाची तार काळी पडलेली, वरचं प्लास्टिक वितळून टेपला चिकटलेलं. वायरच बदलतो. २.५ घेऊ की ४?

प्रतिसाद

४ घ्या, अखंड, एकही जोड नको. मोटारी बंद असताना गाडीत १८९ च्या आसपास मिळतील, म्हणजे साधारण १३५० वॅट. मोटारी चालू झाल्यावर त्याहून कमी, ते धरून चाला. उरलेली वायर गुंडाळून गाडीखाली टाकू नका, हीटर चालू असताना गुंडाळी तापते.