स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा : मेगापिक्सेलपेक्षा झूम पाहावा

मेगापिक्सेल जास्त असलेला स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा डोळे झाकून घ्यावा, हे मत मला पटत नाही. अशा बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, जेमतेम 6.2 × 4.6 मिलिमीटरचा असतो आणि तेवढ्याशा जागेत 20 मेगापिक्सेल कोंबल्यावर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश फारच थोडा येतो. त्यामुळे कमी उजेडात आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवला की केसांचे, कापडाच्या विणीचे बारकावे सारवल्यासारखे पुसट होतात. ऑप्टिकल झूम ही मात्र खरी जमेची बाजू आहे, कारण भिंगे प्रत्यक्ष सरकत असल्याने फांदीवरचा पक्षी जवळ आणताना, चित्राचा भाग कापून नुसता मोठा करणाऱ्या डिजिटल झूममध्ये हमखास जातो तो तपशील टिकून राहतो. पूर्ण झूमला भिंगातून प्रकाश कमी येतो आणि हाताची थरथरही जाणवते, म्हणून ऑप्टिकल प्रतिमा-स्थिरीकरण असलेलेच मॉडेल आग्रहाने निवडावे.