काजळीच्या एचआरटीईएम फोटोत फ्रिंज तुटक येतात: नमुना चुकला की मोजणी?

प्रश्न
डिझेल जनरेटरच्या धुराड्यातून खरवडलेली काजळी इथेनॉलमध्ये 20 मिनिटं सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी विखरून) सलग कार्बन फिल्मच्या ग्रिडवर, म्हणजे नमुना धरणाऱ्या बारीक जाळीवर, थेंब टाकला. एचआरटीईएममध्ये (अणूंचे थर दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) 200 केव्ही व्होल्टेजला 20–30 नॅनोमीटरचे प्राथमिक कण (ज्यांचे पुंजके बनतात) छान दिसतात. पण निम्म्याहून जास्त फ्रिंज (कार्बनच्या थरांच्या रेषा) 0.4 नॅनोमीटरपेक्षा आखूड येतात, थरांमधलं अंतर 0.39 नॅनोमीटर. कुठे बिघडलं?

प्रतिसाद 1
आधी ग्रिड बदला. सलग फिल्म म्हणजे अमॉर्फस (अणूंची ठराविक रचना नसलेला) कार्बनच. तिचा दाणेदारपणा चित्रात मिसळतो आणि स्केलेटन काढताना (रेषा एक पिक्सेल जाडीच्या करताना) त्या ठिपक्यांच्याही फ्रिंज होतात. लेसी (भोकाभोकांचा) कार्बन घ्या, भोकावर लोंबणारा कण शोधा आणि तेवढाच भाग मोजा.

धुराड्यातली काजळी जुनी, पुन्हापुन्हा तापलेली असते. शक्य असेल तर गरम धुरात थंड ग्रिड काही दहा मिलिसेकंद घुसवून लगेच बाहेर काढा. कण आपोआप थंड पृष्ठभागावर बसतात. वेळ वाढला की पुंजके एकमेकांवर चढतात. आणि सोनिकेट केलेल्या नमुन्यावरून फ्रॅक्टल मिती (पुंजका किती विरळ-दाट आहे त्याचा आकडा) काढू नका. पुंजके तुटतात, वाळताना नव्याने चिकटतात. येणारा आकडा तुमच्या थेंबाचा, काजळीचा नव्हे.

प्रतिसाद 2
200 केव्ही कार्बनला जड जातं. ग्राफीनमधला अणू उडवायची मर्यादा साधारण 86 केव्ही, म्हणून 80 वर काम करा. फोकस शेजारच्या कणावर जुळवा, मग हव्या त्या कणावर सरकून लगेच फोटो घ्या. मिनिटभराने तोच कण पुन्हा टिपा: कडेला धूसर थर चढला असेल तर चिकटलेले हायड्रोकार्बन आहेत. टोल्युइनने धुवा किंवा ग्रिड निर्वातात तापवा. प्लाझ्मा क्लिनर मात्र नको, तो काजळीही खातो.

प्रतिसाद 3
0.39 वर विश्वास ठेवण्याआधी त्याच मॅग्निफिकेशनला सोन्याचे कण बघा. त्यांच्या (111) या अणुथरांमधलं अंतर 0.235 नॅनोमीटर आलं पाहिजे. ग्राफाइटचं 0.335, काजळीचं त्याहून थोडं जास्त, पण इतकं क्वचितच. पिक्सेल 0.03 नॅनोमीटर किंवा बारीक हवा. नंतर गाउसियन (गोंगाट कमी), टॉप-हॅट (असमान उजेड काढणं), ओत्सू (काळं-पांढरं करणं), स्केलेटन, याच क्रमाने, आणि सगळ्या फोटोंना तेच आकडे. 0.48 नॅनोमीटरपेक्षा आखूड फ्रिंज काढून टाका. दोन अ‍ॅरोमॅटिक कड्यांपेक्षा (बेंझिनसारख्या कार्बनच्या कड्या) लहान रेषेला काही अर्थ नाही. तुमची निम्मी यादी इथेच उडेल.

प्रश्नकर्ता
यंत्र 80 केव्हीला अलाइन केलेलं (जुळवलेलं) नाही, 120 ला आहे.

प्रतिसाद 2
चालेल. नुकसान पूर्ण थांबणार नाही, तेव्हा डोस (कणावर पडणारा इलेक्ट्रॉनचा मारा) कमी ठेवा आणि प्रत्येक कणाचा पहिलाच फोटो मोजणीला घ्या.