कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीत पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश, पहिलं सेमिस्टर कसं निभवायचं?

धाकट्याची_ताई
धाकट्या भावाला पुण्यात खाजगी कॉलेजात कम्प्युटरला प्रवेश मिळाला, पण शेवटच्या फेरीत. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झालेत. घर लातूरजवळ, दहावीपर्यंत मराठी माध्यम, प्रवर्ग खुला. हॉस्टेल भरलंय, म्हणून बाहेर कॉट बेसिसवर जागा बघतोय. सर बोलतात ते कळतं, पण वहीत उतरवेपर्यंत फळा पुसलेला असतो म्हणे. ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) दोन शीट राहिल्यात. आधी काय हातात घ्यावं? ‘मन लावून अभ्यास कर’ सोडून काहीही सांगा.

ड्राफ्टरवाला
आधी हजेरी. हिशेब करा: एका विषयाचे आठवड्याला ३ तास, १४ आठवडे, म्हणजे ४२ तास. ७५ टक्क्यांना ३२ लागतात. दहा बुडवायची मुभा, त्यातले नऊ प्रवेशाआधीच गेले. आजच प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, की हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरावी. सोबत अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती जोडा. दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा आवक शिक्का घ्या. तोंडी ‘बघू’वर विसंबू नका, डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागली की तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही.

आता शीट. सीनियरची शीट खाली ठेवून गिरवायचा मोह होतो. टर्मवर्कचे (सेमिस्टरभरच्या कामाचे) मार्क मिळतात, पण परीक्षेत कोरा कागद समोर आला की हात चालत नाही. मिनी ड्राफ्टर (रेषा मारायचं अवजार) बोर्डाच्या वरच्या डाव्या बाजूला घट्ट आवळायचा. क्लॅम्प सैल राहिला तर अर्ध्या शीटनंतर रेषा तिरक्या जायला लागतात आणि चूक शेवटी कळते. बांधणीच्या रेषांना २एच, हलक्या हाताने. बाह्यरेषा एचबीने गडद. दृश्यं मांडायची आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते: समोरचं दृश्य एक्स-वाय रेषेच्या वर, वरचं दृश्य खाली, आणि डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे. यूट्यूबवरचे बरेच अमेरिकन व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात. ते बघून काढलेली शीट नीटनेटकी दिसते आणि पूर्ण चुकते. व्हिडिओ लावण्याआधी कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह बघायला शिकवा, त्यावरून पद्धत कुठली ते कळतं.

एम_वन_क्लिअर
फळ्याचा प्रश्न इंग्रजीचा कमी, सवयीचा जास्त आहे. दोन वर्षं सीईटीची तयारी झालेली असते: ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, पर्यायावर टिचकी मारली की पुढे. इथे ७० गुणांचा पेपर अडीच तासांत हाताने लिहायचा. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, तर मार्क कापले जातात. पार्शल डिफरन्सिएशनमध्ये हे फार होतं: कुठला चल स्थिर धरला ते लिहीतच नाहीत, आणि दुसऱ्यांदा अवकलन करताना स्वतःच गोंधळतात.

वहीत सगळं उतरवायचं नाही. डाव्या पानावर फक्त सूत्र, आकृती आणि सर ज्या पायरीवर थांबले ती पायरी. उजवं पान रिकामं. त्याच रात्री पुस्तक उघडून उजवीकडे तेच गणित पूर्ण सोडवायचं, विषयामागे वीस मिनिटं. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर डाव्या पानावरचं स्वतःचंच अक्षर परकं वाटतं. राहिलेल्या तीन आठवड्यांच्या वह्या झेरॉक्स करून ढीग लावू नका. अभ्यासक्रमाची प्रत काढून नेमकं काय झालं त्यावर खूण करा. बहुतेक वेळा एकेका विषयाचं एखादंच युनिट निघतं.

खाडाबहाद्दर
कॉट घेताना चार गोष्टी विचाराव्यात: डिपॉझिट किती, सोडताना नोटीस किती दिवसांची, लाइटबिल भाड्यात की वेगळं, आणि पाणी किती वाजता जातं. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पैसे रोख देऊ नका.

मेसला लगेच महिना भरू नये. आठवडाभर कुपनावर जेवून बघा, विशेषतः रात्री नऊनंतर. उरलेली भाजी तेव्हाच समजते. खाड्याचा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होण्याचा) नियम आधी विचारा. सहसा सलग तीन दिवस आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात, म्हणजे शनिवार-रविवार गावी गेला तर पैसे गेलेच. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद. दर आठवड्याला घरी येऊ देऊ नका असं मी म्हणेन, आणि कारण भावनेचं नाही: सोमवारी सकाळचं प्रॅक्टिकल हुकलं की दुसऱ्या बॅचबरोबर बसू देतीलच असं नाही, मग जर्नलमध्ये सही राहते.

दाखलेवाली
महाडीबीटी (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) विसरू नका. कॅपमधून प्रवेश आहे आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. एका घरातल्या दोनच मुलांना चालते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कुठल्या वर्षाचा मागितलाय ते अर्जात वाचून मगच काढा.

सर्वात जास्त घोळ खात्याचा. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीड असणं (सरकारी पैसे जमा व्हायला तेच खातं आधारवर नोंदवलेलं असणं) वेगळं. पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. भावाने पुण्यात नवं खातं उघडलं आणि तिथे सहजच आधार सीड केलं, तर लातूरच्या पासबुकात कितीही एन्ट्री मारा, काही दिसणार नाही. अर्ज भरल्यावर दर आठवड्याला लॉगिन करून बघा. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज तिथेच पडून राहतो आणि मुदत निघून जाते. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याला बसत असाल तर राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून कॉटच्या मालकाशी कागदाचं आधीच बोला.

धाकट्याची_ताई
अर्ज आजच टाइप करते. एक राहिलं. फोनवर तो नुसतं ‘हो, जेवलो’ म्हणतो. त्याचं काय?

ड्राफ्टरवाला
‘कसा आहेस’ विचारू नका, ‘आज शीट कुठली काढली, शेजारी कोण बसलं होतं’ विचारा. शेजारच्याचं नाव सलग दोन आठवडे आलं नाही तर एकदा जाऊन या. कुणी सीनियर त्रास देत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. झोप, जेवण दोन्ही गेलं असेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या, तो स्वतःहून करणार नाही.