रस्त्यावरून आणलेलं मांजर: लस, जंत, पिसवा आणि पहिला महिना. तुमचे अनुभव सांगा

पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटखाली सापडलेलं पिल्लू आता आमच्याकडेच राहणार असं ठरलंय. काळी-भगवी-पांढरी तिरंगी आहे, त्यामुळे व्हेट न बघताच म्हणाले मादीच असणार. नाव गुंडी, दोन महिन्यांची असेल अंदाजे. त्यांनी वजन केलं, ताप बघितला, जंताचं औषध दिलं, लस मात्र आठवड्यानंतर देऊ म्हणाले, कारण जुलाब होतायत. घरात आधीचा एक बोका आहे आणि पाच वर्षांचा मुलगा, त्यामुळे सासूबाईंना ओरबाडण्याचं, रेबीजचं टेन्शन आलंय. ज्यांनी अशी मांजरं घरी आणली त्यांनी घरात प्रत्यक्ष काय काय झालं ते लिहा प्लीज, अगदी बारीकसारीक पण चालेल.

*

ताई, सगळ्यात आधी बोका आणि गुंडी वेगळ्या खोलीत ठेवा, निदान दोन आठवडे. भांडी, लिटरचा ट्रे, टॉवेल सगळं वेगळं, आणि हात धुतल्याशिवाय इकडून तिकडे जायचं नाही. आम्ही कल्याणला एकाच आईची दोन पिल्लं आणली होती. थोड्याच दिवसांत छोट्याने खाणं सोडलं, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून नुसतं बसायचं, प्यायचं नाही, मग पिवळ्या फेसाच्या उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे कुत्र्यांच्या पार्व्होच्याच कुळातला विषाणू. त्याला मारणारं औषध नाही, सलाईन, उलटीचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक यांवर पिल्लाला टिकवायचं आणि त्याचं शरीर लढतंय का बघायचं. सकाळ-संध्याकाळ सलाईनला नेत होतो. छोटं गेलं, बहीण वाचली आणि आता घरभर राज्य करते.

नंतर व्हेटनी सांगितलं की हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, नेहमीच्या साबणा-डेटॉलने मरत नाही आणि फिनेल तर मांजरांना विषारीच. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला साधारण तीस भाग पाणी, फरशीवर दहा मिनिटं ठेवायचं, मग पुसून वाळवायचं आणि तोपर्यंत मांजर त्या खोलीत नको. लस न झालेलं नवीन पिल्लू वर्षभर आणू नका असंही म्हणाले. म्हणून सांगते, तुमच्या बोक्याचं लसीचं कार्ड आजच काढून बघा.

*

मी पुण्यात सोसायटीतल्या मांजरांचं बघते. लोकांना वाटतं एक इंजेक्शन दिलं की झालं, तसं नाही हो. ट्रायकॅट (पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू, हर्पीस आणि कॅलिसी) सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, वर्षाने परत. जुलाब थांबेपर्यंत थांबायचं हे तुमच्या व्हेटनी बरोबर सांगितलंय. लसीनंतर एखादा दिवस सुस्ती येते, टोचलेल्या जागी छोटी गाठ येते, त्याने घाबरू नका. पण तोंड सुजलं, उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर तसंच उलट पावली दवाखान्यात. आणि लसीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, पुढे व्हेट बदलला तर तेवढाच पुरावा असतो.

*

पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला कधीच लावू नका!! शेजाऱ्यांनी त्यांच्या लॅब्राडोरचं मानेवर टाकायचं औषध उरलेलं म्हणून मांजरीला टाकलं, दोन-तीन तासांत ती थरथर कापायला लागली, मग झटके. त्यात परमेथ्रिन होतं, कुत्र्याला चालतं पण मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. नशीब लगेच दवाखान्यात नेलं, ॲडमिट केलं म्हणून वाचली. तसंच ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, थेंबभर सिरप पण नको, जीव जातो. आणि पिसवा गेल्यावर जंताचं औषध परत विचारा, कारण पिसू चाटून गिळली की टेपवर्म होतो, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं तर तेच.

*

सासूबाईंसाठी लिहितोय. मी म्हापशाचा. कुत्र्यांच्या लसीकरणाचं मोठं काम होऊन गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तरी आमच्या पिल्लाने मुलीचं बोट चावल्यावर डॉक्टरांनी अजिबात ढिलाई केली नाही आणि मला ते पटलं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. रक्त आलं होतं म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) दिलं आणि दंडावर कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस, सरकारी आरोग्य केंद्रात, फुकट. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचंच, पण त्याची वाट बघत लस लांबवायची नाही. मुलगी रडली थोडी, पण पिल्लू आमच्याकडेच आहे.

*

नागपूरहून. मी प्रेग्नंट असताना घरात मांजर आलं आणि सगळे म्हणाले सोडून ये, टॉक्सोप्लाझ्मा होतो (मांजराच्या शीतून पसरणारा परजीवी जंतू, पोटातल्या बाळाला धोक्याचा). मी गायनॅकलाच विचारलं. तिने माझी रक्त तपासणी केली आणि नीट समजावलं की मांजर बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक-दोन आठवडे ते जंतू शीतून टाकतं आणि त्यांना लागण करण्याजोगं व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो नवऱ्याने करायचा, मी नाही. मांजराला कच्चं मटण नाही, मी अर्धवट शिजलेलं खायचं नाही, भाज्या स्वच्छ धुवायच्या, कुंडीतल्या मातीत ग्लोव्ह्ज. लेक आता शाळेत जाते आणि मांजराच्या अंगावर डोकं ठेवून टीव्ही बघते.

*

आम्ही इंग्लंडमध्ये शेल्टरमधून घेतली, मायक्रोचिप आणि ट्रायकॅटसारखी लस करूनच मिळाली (इथे जून २०२४ पासून घरच्या मांजरांना चिप कायद्यानेच लागते). पण रेबीजची लस दिलेली नव्हती, कारण इथे पाळीव जनावरांत तो रोगच नाही, बाहेरदेशी न्यायचं असेल तरच देतात. नाशिकहून आई आली ती पहिल्या ओरखड्यालाच घाबरली, तिला हे सगळं सांगावं लागलं. एक भर घालते, ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजराकडून मांजराला लागणारे दोन विषाणू) यांची टेस्ट आधीचं मांजर घरात असेल तर नक्की करून घ्या, थेंबभर रक्तात होते.

*

एक राहिलं. नवीन मांजर पलंगाखाली लपून बसलं तर बसू द्या, पण खातंय की नाही ते बघाच, मोठं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते आणि लहान पिल्लाला तर एक दिवस पण जड जातो. दूध बंद करा, गुंडीचे जुलाब त्यानेच असू शकतात. बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नसेल तर आधी त्याचं उरकून घ्या, आणि गुंडीसाठी पाचव्या महिन्याची तारीख व्हेटकडे आत्ताच धरून ठेवा, कारण चार-पाच महिन्यांतच त्या गाभण राहू शकतात आणि लोक वर्षाची होईपर्यंत थांबतात.