भेदभाव अंड्यातच सुरू होतो

'पक्ष्यांत अंडं घातलं की आईचं निम्मं काम संपलं, पुढचं पिल्लाचं नशीब' असं एक मत वाचलं; मला ते पटलं नाही. नशिबाचा मोठा भाग आईच बलकात भरून ठेवते. नागपुरात पावसाळ्यात केशरी डोक्याच्या गायबगळ्यांची घरटी नीट बघा: थोरलं पिल्लू दांडगं, शेवटचं लुकडं, आणि थोरलं त्याच्या डोक्यावर सपासप चोच मारतंय. उबवणं पहिल्या अंड्यापासूनच सुरू होतं, म्हणून अंडी मागेपुढे फुटतात. शिवाय १९९७ च्या संशोधनात पहिल्या अंड्यांच्या बलकात शेवटच्यापेक्षा जास्त टेस्टोस्टेरॉन (पिल्लाला आक्रमक बनवणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) सापडलं. म्हणजे थोरल्याला दुहेरी बळ! कॅनरी या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यात मात्र नेमकं उलट, शेवटच्या अंड्यात ते जास्त. तिथे आई धाकट्याला सावरून घेत असावी. मला तर हे फारच विलक्षण वाटतं.